एकाच सालात कोरड आणि पूर : सोलापूरच्या शेताची, घराची तयारी

२०२३ च्या पावसाळ्यात उजनी धरण जेमतेम साठ टक्के भरलं. पुढच्या उन्हाळ्यात ते 'मायनस'मध्ये, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृत साठ्यात, इतकं खोल उतरलं की पोटातली पळसदेवची देवळं उघडी पडली आणि माणसं चालत जाऊन बघून आली. मग सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं पात्र सोडलं. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर इकडच्या गावांत घरात कंबरेएवढं पाणी आणि लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद. त्याआधी १४ ऑक्टोबर २०२० ची अतिवृष्टीची रात्र होतीच. जिल्हा तोच आणि बांधही तेच.

आपल्याकडचा वार्षिक पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. सरासरी पाहिली तर अवर्षणप्रवण जिल्ह्याला शोभेल अशीच आहे. पण सरासरीवर पेरणी होत नाही. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून ती ते जास्त वेळ शोषत राहते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. महिनाभर ढग नुसते फिरतात आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस पडतो. आपल्या भागात तर मुळातच खरा भरवशाचा पाऊस परतीचा, पूर्वा-उत्तरा-हस्ताचा. दुष्काळातून वाचवणारा आणि पुरात बुडवणारा पाऊस एकाच महिन्यात येतो, ही इथली खरी अडचण आहे. त्यामुळे 'दुष्काळाची तयारी' आणि 'पुराची तयारी' अशा दोन वेगळ्या फायली करून चालत नाही. खाली जे लिहिलंय त्यात जवळजवळ प्रत्येक काम दोन्ही बाजूंनी तपासलं आहे. मी मोहोळ तालुक्यात चार एकर करतो आणि घर सोलापुरात आहे, त्यामुळे दोन्हीकडचं लिहितोय.

आधी एक वही

महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर पन्नास मिलिमीटर पडला म्हणजे तुमच्या शेतात पडला असं नाही. आमच्याकडे ओढ्याच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ, हे दरवर्षी दिसतं. म्हणून स्वतःचा पर्जन्यमापक हवा. कृषी सेवा केंद्रात प्लास्टिकचा मिळतो. नसेल तर सरळ उभ्या भिंतींचा, सपाट बुडाचा कोणताही डबा चालतो. वर-खाली सारख्याच रुंदीचा हवा, एवढीच अट. आत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. डबा उघड्यावर ठेवा. जवळच्या झाडाची किंवा भिंतीची जेवढी उंची, त्याच्या दुपटीएवढं अंतर सोडा. वारा पाडू नये म्हणून दोन विटांत बसवा. सकाळी साडेआठला मोजा, कारण हवामान खातंही त्याच वेळी मोजतं आणि मग आकडे जुळवून पाहता येतात.

त्याच वहीत विहिरीची पातळी लिहा. दोरीला दगड बांधायचा, कठड्यावर एक खूण करायची आणि दरवेळी त्याच खुणेवरून मोजायचं. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे असं चार वेळा केलं तरी पुरे. भूजल सर्वेक्षणाची माणसं निरीक्षण विहिरींवर याच महिन्यांत मोजतात. बोअर असेल तर पातळी दिसत नाही, मग मोटार किती वेळात उचक्या देते ते लिहा. ऑक्टोबरचा आकडा तुम्हाला सांगतो की यंदा गहू करायचा की नुसता हरभरा. हा निर्णय शेजाऱ्याच्या सल्ल्यावर घेतला जातो, तिथेच बहुतेक घोळ होतो.

मोबाईलवर दोन ॲप ठेवा : शेतीच्या अंदाजासाठी 'मेघदूत' आणि विजेसाठी 'दामिनी'. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान पत्रिका येते, ती वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणारे 'महापावसाचे' संदेश मात्र वहीत लिहू नका.

माती किती खोल, हे खणून बघा

हे काम एप्रिलमध्ये, एका सकाळचं. टिकाव-फावडं घेऊन शेतात तीन ठिकाणी खड्डा घ्या : चढाला, मधे आणि उताराला. मुरूम लागेपर्यंत खणा आणि टेपनं मोजा. एक मीटर खोल काळी माती पिकाला उपयोगी पडेल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पोटात धरते. एक फुटाची माती याच्या तिसऱ्या हिश्शाचीही खात्री देत नाही. आपल्याकडे धरणाच्या टीएमसीची (अब्ज घनफूट पाण्याची) रोज चर्चा होते, पण पायाखालच्या या धरणाची क्षमता किती हे बहुतेकांना माहीत नसतं.

या मापावर ज्वारीचं वाण ठरतं. फूटभर हलक्या जमिनीत फुले अनुराधा. दोन फुटांच्या आसपास मध्यम जमिनीत फुले सुचित्रा, फुले माऊली किंवा आपली मालदांडी ३५-१. तीन फूट आणि पुढे भारी जमिनीत फुले वसुधा, फुले यशोदा. पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. एकाच गटात चढाला हलकी आणि उताराला भारी जमीन असेल तर दोन वाणं पेरा. पेरताना पाभर (पेरणीचं अवजार) थांबवून बी बदलावं लागतं म्हणून लोक टाळतात. पण त्या दहा मिनिटांची किंमत जानेवारीत चढावरचं कणीस बघून कळते.

'मालदांडी ३५-१' हा आमच्या मोहोळ तालुक्याचा अभिमान. हे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात निवडून काढलं. जवळजवळ नव्वद वर्षं एक वाण शेतात टिकून राहतं, कारण कोरड पडली तरी ते दाणा आणि कडबा दोन्ही देतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही याच मातीच्या जोरावर.

पाणी अडवा, पण त्याला वाटही ठेवा

रब्बीसाठी पड असलेल्या रानात जून ते ऑगस्ट या काळात वाफे पाडा. उन्हाळी नांगरट आणि कुळवाच्या पाळ्या झाल्या की उताराप्रमाणे ६ बाय ६ किंवा १० बाय १० मीटरचे बंदिस्त वाफे सारा यंत्रानं किंवा ट्रॅक्टरच्या वाफे यंत्रानं घ्यायचे. उतार जास्त तर वाफा लहान. पडेल तो पाऊस जागच्या जागी मुरतो. सोलापूरच्या कोरडवाहू केंद्रानं १९३३ पासून जी कामं केली, त्यांत मला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी वापरलं गेलेलं तंत्र हेच वाटतं. यात अनुदान लागत नाही, कदाचित म्हणूनच त्याचा बोर्ड कुठे दिसत नाही. वाफे पेरणीआधी कुळवानं मोडायचे आणि लगेच पेरायचं. मोडून चार दिवस ठेवले तर वरची ओल उडते.

आता दुसरी बाजू. एक एकरावर एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते चार लाख लिटर पाणी होतं. तुमचा बांध ते धरणार नाही. तो फुटणार आणि सोबत वर्षानुवर्षांची माती घेऊन जाणार. २०२० मध्ये माझा खालचा बांध असाच फुटला आणि त्याच्या खालच्या शेतात मुरूम पसरला. चुलतभाऊ महिनाभर बोलला नाही. चूक माझी होती, सांडवाच नव्हता.

तर प्रत्येक बांधाला सांडवा काढा. पाणी नैसर्गिकपणे जिथे साचतं त्या टोकाला बांधाच्या माथ्यापेक्षा फूटभर खाली, तीन-चार फूट रुंद जागा मोकळी ठेवायची आणि तिच्यावर दगड रचायचे. दगड नुसते टाकायचे नाहीत, खालच्या बाजूला उतरते बसवायचे. सांडव्यातून सुटलेलं पाणी कुणाच्या रानात जाणार ते आधी बोलून घ्या. ओढ्यापर्यंतचा चर दोघांनी मिळून काढला तर भांडण वाचतं. बांधावर बाकी सगळीकडे मारवेल लावा : गवत माती धरतं आणि जनावराला कापून घालता येतं.

भारी काळ्या रानात सोयाबीन, उडीद, तूर अशी खरीप पिकं असतील तर रुंद वरंबा-सरी पद्धत घ्या. कोरड पडली तर सरीतली ओल वरंब्याला मिळते, झड लागली तर सरीतून पाणी निघून जातं. मी सुरुवातीला म्हटलेली दोन्ही बाजूंची कसोटी याला सगळ्यांत चांगली लागू पडते.

खरिपाचा मोह आवरा

मृगाची पहिली सर आली की हात शिवशिवतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नका. यासाठीच ती वही. आमच्याकडे एकदा ४० मिलिमीटरवर तूर-बाजरी टाकली, उगवली छान, आणि मग तीन आठवडे पाऊस बेपत्ता. बियाणं, खत, पाभरीचं भाडं सगळं पुन्हा.

पाऊस लांबला तर काय करायचं ते आधीच ठरलेलं असावं, ऐन वेळी दुकानदारानं ठरवू नये. जुलैच्या मध्यापर्यंत नेहमीची खरीप पिकं चालतात. तिथून जुलैअखेरपर्यंत बाजरी, तूर, सूर्यफूल, हुलगा, राळा, एरंडी. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात बाजरी सोडा. सूर्यफूल, तूर, हुलगा, एरंडी राहतात. त्यानंतर सूर्यफूल, तूर, एरंडी एवढंच. त्याहीपुढे गेलं तर खरिपाचा नाद सोडून रान रब्बीला राखायचं. राखणं म्हणजे सोडून देणं नव्हे. वाफे घालायचे, तण काढायचं, कारण तणही ओल पितं.

दोन ओळी बाजरी आणि एक ओळ तूर हे जुनं गणित अजूनही चांगलं आहे. बाजरी लवकर निघते, आणि परतीचा पाऊस आला की तूर उसळी घेते. एक गेलं तर एक हाती लागतं.

रब्बी ज्वारी : इथे जीव लावा

पेरणीची वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. आधी पेरली तर खोडमाशी पोंगे मारते. उशिरा पेरली तर दाणा भरायच्या वेळी जमिनीत ओल उरत नाही. कोरडवाहूला या महिन्याचा पहिला भाग बरा. पण तारखेपेक्षा घात, म्हणजे पेरणीजोगी ओल, महत्त्वाची. मूठभर माती दाबून गोळा केली, कंबरेच्या उंचीवरून सोडली आणि तो फुटून मोकळा झाला तर वापसा आहे. चपटा होऊन बसला तर थांबा. घाईनं चिखलात पाभर घातली तर चाड्यातून पडलेलं बी कडक पापुद्र्याखाली अडकतं.

एकरी चार किलो बी, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर. काणी रोग येऊ नये म्हणून किलोला चार ग्रॅम गंधक चोळा, नंतर ॲझोटोबॅक्टर आणि पीएसबी ही जिवाणू खतं प्रत्येकी २५ ग्रॅम. बी सावलीत सुकवून पेरा. पेरणी दाट करू नका. पाणी तेवढंच आहे आणि खाणारी तोंडं वाढवली तर सगळीच उपाशी राहतात.

आता कोळपणी. नव्या पिढीला हे नुसतं तण काढणं वाटतं. पहिली तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्यानं, दुसरी पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्यानं. तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं, आणि तीच खरी. तोवर काळं रान भेगाळायला लागलेलं असतं आणि त्या भेगांतून खालची ओल थेट हवेत जाते. दातेरी कोळपं भेगा बुजवतं, वर भुसभुशीत मातीचं पांघरूण करतं. जुने लोक 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' म्हणतात ते याच कोळपणीबद्दल. तणनाशक मारून कोळपणी वाचवली तर तण मरतं, भेगा तशाच राहतात. हाती तुरकाट्या, सोयाबीनचा भुसा, पाचट असेल तर ते ओळींत पसरा.

एकच पाणी देता येत असेल तर ते पीक गर्भावस्थेत, म्हणजे तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी, किंवा पोटरीत, पन्नास-पंचावन्न दिवसांनी द्या. दोन शक्य असतील तर दोन्ही. ज्वारी पिवळी पडल्यावर घाबरून दिलेल्या पाण्याचा उपयोग निम्माही होत नाही.

आणि सप्टेंबर २०२५ सारखं झालं तर? रानात पाणी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उभं राहिलं तर ज्वारीचा हट्ट सोडा. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात हरभरा किंवा करडई घ्या, नोव्हेंबरमध्ये ओल असेल तर हरभरा. करडईची मुळं खोल जातात आणि काट्यांमुळे रानडुकरं नि हरणं तिच्याकडे कमी वळतात, हा वरकड फायदा. पण कडब्याचं काय, हा प्रश्न उरतो. तो जनावरांच्या भागात येतो.

एक छोटा सल्ला : बियाणं ऑगस्टमध्येच आणून ठेवा, ज्वारी आणि हरभरा दोन्हींचं. घात आल्यावर दुकानात रांग असते आणि हवं ते वाण नसतं. घरची ज्वारी असेल तर उभ्या पिकातून चांगली कणसं निवडून वेगळी ठेवा.

ऊस, डाळिंब, शेततळं : हिशेब मांडून

उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातले ५३ च्या आसपास उपयुक्त आणि बाकीचे ६३ च्या आसपास मृत साठा. 'धरण मायनस ५० टक्के' म्हणजे मृत साठ्यातून उपयुक्त साठ्याच्या निम्मं पाणी आधीच उचललं गेलंय. ही बातमी फेब्रुवारीत आली आणि तुमचा खोडवा (तोडीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस) उभा असेल, तर जूनपर्यंतचे महिने बोटांवर मोजा. ऊस बारा ते अठरा महिने रोज पितो. जिल्ह्यात कारखाने तीसच्या वर आहेत, कर्जाचं आणि बिलाचं चक्र उसाभोवती फिरतं. त्यामुळे 'ऊस सोडा' असं लिहिणं मला सोपं आहे आणि तुम्हाला करणं अवघड. निदान एवढं करा : ऑक्टोबरमध्ये विहिरीची पातळी पाहून खोडवा किती ठेवायचा ते ठरवा, सगळा ऊस ठिबकवर घ्या आणि पाचट जाळू नका. पाचट सरीत दाबलं की पाण्याच्या पाळ्यांत अंतर वाढवता येतं.

डाळिंबवाल्यांना, विशेषतः सांगोल्याकडच्यांना, बहाराचा निर्णय आता हवामानाप्रमाणे घ्यावा लागतो. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी धरलेल्या बहाराची, फळं दमट हवेत आणि पावसात सापडली की तेल्या रोग बाग संपवतो. पावसाळा सरताना धरलेल्या हस्त बहारात हवा कोरडी मिळते, पण त्यासाठी उन्हाळ्यापर्यंत पाणी पाहिजे. पाण्याचा निचरा न होणाऱ्या रानात झाडं गादीवाफ्यावर हवीत. पूर ओसरला तरी मुळाशी पाणी राहिलं की मर रोग लागतो. उन्हानं फळ भाजू नये म्हणून क्रॉप कव्हर घालतात, त्याचा खर्च फळाच्या भावातून निघतो का ते आधी मांडा. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन रोगाचं पान प्रत्यक्ष दाखवा. फोटोवरून तेल्या आणि बुरशीचे डाग वेगळे ओळखणं अवघड असतं.

शेततळ्याबद्दल थोडं कडू. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं सुमारे २२ लाख लिटर धरतं. उन्हाळ्यात इथे दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी सहज उडतं. भरलेल्या तळ्यावरून रोज सात हजार लिटरच्या वर. पातळी उतरेल तसं ते कमी होतं, तरी फेब्रुवारी ते मे या काळात बराच मोठा वाटा उन्हाला जातो. म्हणून ओढ्याचं, शिवारातलं वाहून जाणारं पाणी तळ्यात घेतलं तर ते शेततळं. बोअरमधून उपसून प्लास्टिकच्या कागदावर साठवलं तर सावलीतलं पाणी आपण उन्हात आणून ठेवलं, आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी केली ती वेगळीच. ज्यांनी कागद घातलाय त्यांनी वर शेडनेट टाकावं. नाहीच जमलं तर तळ्याचं पाणी आधी वापरा आणि विहिरीचं मागे ठेवा.

दावणीची आणि नदीकाठाची तयारी

पंढरपुरी म्हैस आणि खिलार यांचं कौतुक जत्रेत होतं, पण त्या ऊन, निकृष्ट चारा, चालणं सगळं सोसतात हे त्यांचं खरं मोल. संकरित गाय जास्त दूध देते खरी, पण ४३ अंशात धापा टाकते आणि दूध उतरतं. दोन्ही ठेवत असाल तर संकरित गाईला सावलीचा गोठा आधी. पत्रा उंच, पूर्व-पश्चिम लांब, वर कडबा किंवा उसाचं पाचट, दुपारी अंगावर पाणी आणि मग वारा. चारा पहाटे आणि रात्री जास्त द्या.

कडबा किमान दीड वर्षाचा धरा, कारण एक रब्बी हुकू शकते. गंजी उंचवट्यावर, दगडाच्या ओट्यावर रचा. २०२५ ला नदीकाठच्या गावांत धान्यापेक्षा कडबा वाहून गेल्याचं दुःख मोठं होतं. जनावरं आहेत आणि चारा नाही, त्यात विकायला गेलं तर बाजार पडलेला.

नदीकाठचं गाव असेल तर तुमच्या नदीला कोणतं पाणी येतं ते माहीत हवं. पंढरपूरला फक्त उजनीचा विसर्ग बघून भागत नाही. नीरेतून वीर धरणाचं पाणी नरसिंगपूरला भीमेत मिळतं आणि दोन्हींची बेरीज चंद्रभागेला येते. सीनाकाठच्यांनी सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी यांच्या विसर्गावर लक्ष ठेवायचं. आपल्या शिवारात थेंब नसतानाही पाणी येऊ शकतं, कारण पाऊस वर धाराशिव-अहिल्यानगरकडे पडलेला असतो.

विसर्गाची बातमी आली की क्रम असा ठेवा. पहिलं, माणसं आणि जनावरं उंचावर. निघता येत नसेल तर दावी कापा, बांधलेलं जनावर बुडतं, सुटं बहुतेक वेळा पोहून निघतं. दुसरं, लाईट बंद करून मोटार आणि स्टार्टर काढा. तिसरं, कागदपत्रं : सातबारा, पासबुक, आधार, विम्याची पावती एका प्लास्टिकच्या पिशवीत, आणि त्यांचे फोटो दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाच्या फोनवर आधीच पाठवलेले. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते पलीकडे किती खोल आहे याचा अंदाज कुणालाच नसतो. ट्रॅक्टरवाल्यालाही नसतो.

पाणी ओसरल्यावर साफसफाई सुरू करायच्या आधी फोटो काढा : पिकाचे, खरवडलेल्या जमिनीचे, विहिरीतल्या गाळाचे, तारीख-ठिकाण दिसेल असे. पंचनाम्याला उभं राहा आणि नोंद वाचून मगच सही करा. माझ्या एका पंचनाम्यात पीक बरोबर होतं पण गट नंबर दुसऱ्याचा, तो निस्तरायला चार महिने गेले. विम्याच्या अटी आणि कळवायची मुदत बदलत असते, म्हणून पावती मिळेल त्या दिवशीच मागची बारीक अक्षरं वाचा. विहीर उपसून ब्लिचिंग पावडर टाकल्याशिवाय ते पाणी पिऊ नका.

शहरात : पत्रा, पाणी, डास

आता सोलापूरची पूर्वभागातली घरं. वर पत्रा, आत यंत्रमाग नाहीतर विड्या वळणारी बाई, आणि एप्रिलमध्ये बाहेर ४३. आत त्याहून जास्त. हवामान खातं सपाट भागात उष्णतेची लाट जाहीर करतं तेव्हा पारा चाळीसच्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असावा लागतो, किंवा सरळ ४५ गाठावा लागतो. आपली मे महिन्याची सरासरीच चाळिशीच्या आसपास आहे. म्हणजे ४३-४४ ला माणूस भाजून निघतो, तरी जाहीर लाट नसू शकते. घोषणेची वाट पाहू नका.

मार्चमध्ये पत्र्याला चुना द्या. पत्रा घासून धुवा, गंज काढा. भिजवून गाळलेल्या चुन्यात थोडा फेविकॉल घाला म्हणजे तो पापुद्रे होऊन सुटत नाही. भिंतीच्या चुन्यात घालतात तसं मीठ इथे घालू नका, पत्रा गंजतो. संध्याकाळी दोन हात द्या. आत दोन-चार अंशांचा फरक पडतो आणि तो रात्री झोपताना कळतो. पावसात चुना धुऊन जातो, दरवर्षी द्यावा लागतो, पण खर्च एका कूलरच्या पासंगालाही पुरत नाही. पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून बांबूची चटई लावली तर आणखी बरं. गरम हवा वरून निघायला भिंतीच्या माथ्याशी झरोका ठेवा. गोणपाट ओलं करून दाराला लावणं कोरड्या हवेत छान चालतं. सप्टेंबरच्या उकाड्यात त्यानं घुसमट वाढते.

काम पहाटे सुरू करून अकरापर्यंत आणि मग चारनंतर, असं मालकाशी बोलून जमतं का बघा. घरातला ओआरएस : एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चहाचा चमचा मीठ. माणूस बरळायला लागला आणि अंग तापलं तर, घाम येत असला तरी, तो उष्माघात समजा. पाणी पाजत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

नळाला काही दिवसांआड पाणी ही इथल्या घराघरातली सवय. म्हणून प्रत्येक दारात बॅरल. डेंगीचा डास अशाच स्वच्छ साठ्यात अंडी घालतो आणि ती भांड्याच्या काठाला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून देणं पुरेसं नाही. आठवड्यातून एकदा बॅरल रिकामा करून आतला काठ घासा आणि उन्हात वाळवा, तोंडाला जुन्या धोतराचं फडकं घट्ट बांधा.

स्लॅबचं घर असेल तर छताचं पाणी धरा. हजार चौरस फुटांच्या छतावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-वाफ सोडून ३५ हजार लिटरच्या पुढे मिळतं. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या, मग जाळी आणि वाळू-खडीच्या गाळणीतून टाकीत किंवा बोअरच्या शेजारच्या शोषखड्ड्यात घ्या. हौद असलेल्या जुन्या वाड्यांना हे नवीन नाही. सिद्धेश्वरांचं तळंही बाराव्या शतकातलं आहे, पावसावर विसंबून राहता येत नाही हे तेव्हाही माहीत होतं.

माळ मोकळाच ठेवा

शेवटचं थोडं अप्रिय. उन्हाळा वाढला की उघड्या माळावर खड्डे खणून झाडं लावायच्या मोहिमा निघतात. माळरान म्हणजे उजाड जमीन नव्हे. नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी झालं, आणि माळढोकाला लांबवर दिसणारं गवत लागतं, झाडी नाही. काळवीट, लांडगा, चंडोल यांचंही तेच. माळावर दाट झाडं लावली तर गवत सावलीत मरतं आणि त्यासोबत मेंढपाळाचा चारा जातो. झाडं गावठाणात, रस्त्याकडेला, बांधावर, ओढ्याकाठी लावा : कडुनिंब, बोर, हिवर, बाभूळ, चिंच. तिसऱ्या वर्षापर्यंत उन्हाळ्यात पाणी कोण घालणार ते नाव लिहूनच खड्डा घ्या.

माळ सुधारायचा असेल तर त्याचे चार भाग करा. जून ते सप्टेंबर एक भाग पूर्ण बंद, म्हणजे पवन्या आणि मारवेल ही गवतं बी धरून गळतील. ऑक्टोबरनंतर तिथे कापून चारा न्यायचा. पुढच्या वर्षी दुसरा भाग बंद. मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगर कुटुंबांना हा बेत जूनआधीच सांगा.